भूमी नसलेले सरकार: दक्षिण मालुकूची कहाणी

5 ऑक्टोबर 2010 रोजी इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुसिलो बामबांग युधोयोनो नेदरलँड्सच्या शासकीय दौऱ्यासाठी जकार्ताच्या विमानतळावर पोहोचले होते. शिष्टमंडळ निघण्याच्या तयारीत होते, हेगमध्ये स्वागताची सिद्धता झाली होती, आणि ऐनवेळी अध्यक्षांनी विमानतळावरूनच दौरा रद्द केल्याचे जाहीर केले. हेगच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध एक अर्ज दाखल झाला होता, आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल त्यांना नेदरलँड्समध्ये पाऊल ठेवताच अटक करावी अशी त्यात मागणी होती. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, पण तोवर दौरा बारगळला होता. अर्ज करणाऱ्यांचे नाव होते ‘रेपुब्लिक मालुकू सलातान’, म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्वेकडील बेटांवरचे दक्षिण मालुकू प्रजासत्ताक. सुमारे 24 कोटी लोकसंख्येच्या देशाच्या प्रमुखाला माघारी फिरायला लावणाऱ्या या प्रजासत्ताकाकडे स्वतःची एक गुंठाही जमीन नाही. त्याचे अध्यक्ष आणि मंत्रिमंडळ नेदरलँड्समध्ये राहतात, आणि ज्या राज्याच्या वतीने ते बोलतात, त्याची राजधानी 1950 सालीच पडलेली आहे.

अशा व्यवस्थेला मराठीत आपण विजनवासातील सरकार किंवा निर्वासित सरकार म्हणतो. शब्द एकच असला तरी त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सारेच चुकीचे समजते. पहिल्या प्रकारात एखादा मान्यताप्राप्त देश शत्रूच्या ताब्यात जातो, त्याचे कायदेशीर सरकार परदेशी निघून जाते आणि जग त्यालाच खरे सरकार मानत राहते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नेदरलँड्स व्यापले, तेव्हा राणी विल्हेल्मिना आणि तिचे मंत्रिमंडळ 1940 ते 1945 या काळात लंडनमधून कारभार पाहत होते, तो असा प्रकार. तिथे राज्याच्या अस्तित्वाबद्दल कोणालाच शंका नव्हती, प्रश्न फक्त ताब्याचा होता. दुसऱ्या प्रकारात राज्यच वादग्रस्त असते. एखादा प्रदेश मोठ्या देशातून फुटून निघतो, स्वातंत्र्य जाहीर करतो, ते राज्य लष्करी बळाने मोडले जाते, आणि उरलेले नेते परदेशातून ‘आमचे राज्य अजून आहे, फक्त ते व्यापलेले आहे’ असे सांगत राहतात. दक्षिण मालुकूचे सरकार या दुसऱ्या प्रकारातले आहे.

भारतीय वाचकाला या विषयाची थोडी ओळख असते. 21 ऑक्टोबर 1943 रोजी सिंगापूरला स्थापन झालेले आझाद हिंद सरकार आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, धरमशाला येथील तिबेटी प्रशासन आपल्याच देशात आहे. सर्वांत उपयोगी तुलना मात्र बांगलादेशाची आहे. 10 एप्रिल 1971 रोजी बनलेल्या आणि 17 एप्रिलला मुजीबनगरला शपथ घेतलेल्या हंगामी सरकारचा कारभार कोलकात्याच्या थिएटर रोडवरून चालत असे, आणि आठ महिन्यांत ते ढाक्याला परतले. शेजारी एक बलाढ्य देश त्याच्या पाठीशी उभा होता, कोटीभर निर्वासितांमुळे त्या देशालाही प्रश्न सोडवणे भाग होते, आणि प्रदेशातील बहुसंख्य जनता त्या सरकारच्या बाजूने होती. दक्षिण मालुकूला यातली एकही गोष्ट पुरेशी लाभली नाही. म्हणूनच एक विजनवास आठ महिन्यांत संपला आणि दुसरा अनेक दशके उलटून गेली तरी चालूच आहे.

मालुकू बेटे आपल्याला नावाने नसली तरी चवीने परिचित आहेत. पुरणात किसून घातले जाणारे जायफळ आणि जायपत्री मूळची याच द्वीपसमूहातील बांदा बेटांवरची, आणि लवंगही मूळची मालुकूचीच. या मसाल्यांसाठी आलेल्या पोर्तुगीजांची पूर्वेकडील सत्ता गोव्यातून चालत असे. ज्या फ्रान्सिस झेवियरचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे, तो धर्मप्रसारासाठी 1546 मध्ये मालुकूतील अंबोन बेटावर गेला होता. 1605 मध्ये डचांनी अंबोनचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला आणि मग जवळपास साडेतीनशे वर्षे तिथे त्यांचाच शब्द चालला. या दीर्घ सहवासातून अंबोन व आसपासच्या बेटांवर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा एक मोठा वर्ग तयार झाला, आणि डचांच्या वसाहतीतील लष्करात, ज्याला डच आद्याक्षरांवरून ‘क्निल’ म्हणत, हा वर्ग मोठ्या संख्येने भरती होऊ लागला. अर्थात सगळे अंबोनी लोक डचनिष्ठ होते असे मुळीच नाही. 1817 मध्ये डचांविरुद्ध उठाव करून फासावर गेलेला पट्टीमुरा याच भागातला. आज इंडोनेशिया त्याला राष्ट्रीय वीर मानतो, अंबोनच्या विमानतळाला त्याचेच नाव आहे, आणि स्वतंत्र मालुकूचे पुरस्कर्तेही त्याला आपला पूर्वज मानतात.

1945 मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढची चार वर्षे डचांशी झुंज दिली. त्या लढाईत क्निलमधले मालुकू सैनिक डचांच्या बाजूने लढले, आणि नव्या देशात आपल्यावर सूड उगवला जाईल या पुढच्या साऱ्या भीतीचे मूळ इथे आहे. 1949 च्या हेग येथील गोलमेज परिषदेत तोडगा निघाला तो संघराज्याचा. 27 डिसेंबर 1949 रोजी सार्वभौमत्व सुपूर्द झाले ते ‘संयुक्त राज्य इंडोनेशिया’ या 16 घटकांच्या संघराज्याकडे. मालुकू बेटे ‘पूर्व इंडोनेशिया’ या घटकराज्यात होती. घटकांना आपले भवितव्य ठरवण्याचा अधिकार राहील अशी तरतूद त्या करारात होती. परंतु बहुतेक इंडोनेशियन नेत्यांना संघराज्य म्हणजे डचांनी जाता जाता लावलेली फुटीची पाचर वाटत होती, आणि ती भावना समजण्यासारखी होती. काही महिन्यांतच एकेक घटकराज्य विसर्जित होऊ लागले आणि 17 ऑगस्ट 1950 पर्यंत संघराज्य जाऊन एकात्म इंडोनेशिया उभा राहिला.

त्याच धामधुमीत, 25 एप्रिल 1950 रोजी, अंबोनमध्ये दक्षिण मालुकूचे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर झाले. पहिले अध्यक्ष योहानेस मनुहुतू होते, पण थोड्याच दिवसांत सूत्रे ख्रिस सोउमोकिल यांच्याकडे आली. ते पूर्व इंडोनेशिया या घटकराज्याचे न्यायमंत्री राहिलेले कायदेतज्ज्ञ होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: आम्ही संघराज्यात सामील झालो होतो, एकात्म राज्यात नव्हे, करार एका बाजूने मोडला गेला, म्हणून आम्ही त्यातून मोकळे झालो. जकार्ताची बाजूही तितकीच स्पष्ट होती: संघराज्यातून एकात्म राज्याकडे झालेले स्थित्यंतर हा देशांतर्गत घटनात्मक निर्णय होता, आणि अंबोनचे बंड म्हणजे जुन्या वसाहती सैन्याच्या आधारे उभा केलेला फुटीरपणा होता. जकार्ताने आधी बोलणी करण्यासाठी ज्यांना पाठवले, ते योहानेस लेइमेना स्वतः अंबोनी आणि ख्रिस्ती होते, पण त्यांच्याशी चर्चा झालीच नाही. मला या साऱ्या इतिहासातला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे एक अंबोनी माणूस इंडोनेशियाच्या बाजूने दुसऱ्या अंबोनी माणसांशी बोलायला आला होता. हा वाद केवळ ‘जकार्ता विरुद्ध अंबोन’ एवढाच कधीच नव्हता.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या इंडोनेशियाविषयक आयोगाने मध्यस्थीची तयारी दाखवली, ती जकार्ताने अंतर्गत बाब म्हणून नाकारली. सप्टेंबर 1950 च्या अखेरीस इंडोनेशियन सैन्य अंबोनवर उतरले आणि नोव्हेंबरमध्ये शहर पडले. सोउमोकिल आणि त्यांचे साथीदार शेजारच्या सेराम बेटाच्या जंगलात गेले आणि तिथून तब्बल 13 वर्षे गनिमी लढा चालू राहिला. डिसेंबर 1963 मध्ये सोउमोकिल पकडले गेले, लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला, आणि 12 एप्रिल 1966 रोजी जकार्ताजवळच्या एका बेटावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये योहान मनुसामा यांनी अध्यक्षपद स्वीकारले. राज्याचे मंत्रिमंडळ कायमचे परदेशी गेले ते इथून.

पण नेदरलँड्समध्येच का, आणि तिथे या सरकारला अनुयायी कोठून मिळाले, हे समजायला पुन्हा 1950 मध्ये जावे लागते. क्निल बरखास्त होत असताना जावावर हजारो मालुकू सैनिक कुटुंबांसह अडकून पडले होते. त्यांना अंबोनला जाऊन सेवामुक्त व्हायचे होते, पण तिथे बंड पेटल्यामुळे इंडोनेशियाने ते मान्य करणे शक्य नव्हते. इंडोनेशियाच्या ताब्यातील भूमीवर त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना सेवामुक्त करण्यास डच न्यायालयाने सरकारला मनाई केली. मग उरलेला एकच मार्ग सरकारने घेतला आणि सैनिक व कुटुंबीय मिळून सुमारे 12,500 लोकांना जहाजांनी नेदरलँड्सला आणले. पहिले जहाज ‘कोटा इंटेन’ 21 मार्च 1951 रोजी रॉटरडॅमला लागले. हा मुक्काम काही महिन्यांचाच आहे अशी समजूत दोन्ही बाजूंची होती. आणि किनाऱ्याला लागताच या सैनिकांच्या हाती पडली ती सेवामुक्तीची सूचना. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मुकुटासाठी लढलो, त्याच्याच देशात पाऊल ठेवताच आपण सैनिक उरलो नाही, हा घाव त्या माणसांनी आयुष्यभर जपला, आणि मुलांनाही तो वारशाने दिला.

राहायला मिळाल्या त्या छावण्या. त्यांपैकी एक, स्खाटेनबर्ग, म्हणजे नाझी काळातील वेस्टरबोर्कची छावणी, जिथून अॅन फ्रँकसह लाखभर ज्यूंना मृत्यूकडे पाठवले गेले होते. दुसरी, फ्युख्ट गावाजवळची लुनेटेन, हीही पूर्वीची छळछावणीच होती. लाकडी बराकींमध्ये पातळ भिंतींनी केलेल्या खोल्या, सर्वांसाठी एका सामाईक स्वयंपाकघरातून येणारे डच पद्धतीचे जेवण, आणि प्रौढ माणसाला हातखर्चाला आठवड्याला तीन गिल्डर. काम करण्याची सुरुवातीला मुभाच नव्हती, कारण ही माणसे परतच जाणार होती. ट्रंका न सोडता वर्षानुवर्षे पलंगाखाली ठेवल्या गेल्या. अनेकांनी डच नागरिकत्व घेतले नाही, कारण ते घेणे म्हणजे परतीचा हक्क सोडणे असे त्यांना वाटे. परिणामी हजारो लोक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. त्यांना डच नागरिकांसारखी वागणूक देणारा कायदा 1976 मध्ये झाला.

अशा माणसांसाठी विजनवासातील सरकार ही केवळ राजकीय कल्पना नव्हती. ज्यांना कोणत्याच देशाने आपले म्हटले नाही, त्यांना ‘तुम्ही अमुक राज्याचे नागरिक आहात’ असे सांगणारी ती एकमेव व्यवस्था होती. 25 एप्रिलला निघणारी मिरवणूक, निळ्या, पांढऱ्या व हिरव्या उभ्या पट्ट्यांनंतर मोठा लाल भाग असलेला ध्वज, आणि ‘मेना मुरिया’ ही घोषणा यांनी ते राज्य छावणीतच रोज उभे राहत असे. नेदरलँड्सने मात्र या प्रजासत्ताकाला कधीही मान्यता दिली नाही. ज्यांच्या आशेवर आपण आलो ते डच सरकार आपल्या बाजूने बोलत नाही, आणि इंडोनेशियाच्या अध्यक्षांना मात्र पाहुणे म्हणून बोलावते, हे दुसऱ्या पिढीला असह्य होऊ लागले.

त्यातून जे घडले ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. ऑगस्ट 1970 मध्ये इंडोनेशियन राजदूतांच्या निवासस्थानावर तरुणांनी ताबा मिळवला आणि एक पोलीस मारला गेला. डिसेंबर 1975 मध्ये वाइस्टर गावाजवळ रेल्वेगाडी 12 दिवस ओलीस ठेवली गेली आणि तीन निरपराध माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वेळी अॅमस्टरडॅमच्या इंडोनेशियन वाणिज्य दूतावासातही माणसे कोंडली गेली. 23 मे 1977 रोजी डे पुंट येथे आणखी एक गाडी आणि बोव्हेनस्मिल्डे गावातली प्राथमिक शाळा एकाच वेळी ताब्यात घेतली गेली. शाळेत 105 मुले होती. चार दिवसांनी मुलांमध्ये आजार पसरल्यावर त्यांना सोडले, पण गाडीतली माणसे 20 व्या दिवशी, 11 जूनला, लष्करी हल्ला झाल्यावरच सुटली. त्या पहाटे सहा अपहरणकर्ते आणि दोन ओलीस मरण पावले. मारल्या गेलेल्या अपहरणकर्त्यांच्या नातेवाइकांनी डच राज्याविरुद्ध दाखल केलेला दावा 2018 मध्ये आणि अपिलात 2021 मध्ये फेटाळला गेला.

शाळकरी पोरांना ओलीस ठेवण्याचे समर्थन कोणत्याही अन्यायाने होत नाही. त्याच वेळी हेही नोंदवायला हवे की ही कृत्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाली नव्हती, आणि मनुसामा यांनी आणि सोउमोकिल यांच्या विधवा पत्नीने 1975 मध्ये मध्यस्थीचा प्रयत्न केला होता. विजनवासातील सरकारांचा एक अंगभूत दुबळेपणा इथे दिसतो. नियमित सरकारकडे पोलीस, न्यायालय आणि तिजोरी असते, म्हणून ते आपल्या माणसांना रोखू शकते. विजनवासातील सरकारकडे फक्त नैतिक वजन असते, आणि पाव शतक काहीच हाती न लागल्यावर तरुणांपुढे ते वजन कमी पडते.

आता कायद्याचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्य कशाला म्हणावे याची सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात आहे: कायमची लोकसंख्या, निश्चित भूमी, प्रत्यक्ष चालणारे सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. 1950 च्या उन्हाळ्यात दक्षिण मालुकूकडे पहिल्या तीन गोष्टी काही प्रमाणात होत्या असा दावा करता येतो, चौथीवर मात्र घोडे अडले. त्यातच वसाहती संपत असताना जगाने एक व्यावहारिक नियम स्वीकारला होता की नवे देश जुन्या वसाहतीच्या सीमांनुसारच बनतील, कारण प्रत्येक बेटाने आणि प्रत्येक जमातीने वेगळे व्हायचे ठरवले तर युद्धांना अंत राहणार नाही. डच वसाहतीच्या सीमेत अंबोन येत होते, म्हणून ते इंडोनेशियाचे, इतका हा हिशेब सोपा होता. गोलमेज करारातील स्वयंनिर्णयाची तरतूद पाळली गेली नाही हे खरे आहे आणि माझ्या मते हा दक्षिण मालुकूच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पण करारभंग झाला म्हणजे आपोआप नवे राज्य जन्माला येते असे कायदा मानत नाही, आणि नव्या राज्याला ओळख देणारे इतर देश पुढे आले नाहीत तर दाद मागायला व्यासपीठच उरत नाही.

मग असे सरकार प्रत्यक्षात करते काय? ते कर घेत नाही, स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीवर चालते. मंत्री आपापला व्यवसाय सांभाळून पद भूषवतात. मनुसामा यांच्यानंतर 1993 मध्ये आलेले फ्रान्स तुतुहातुनेवा डॉक्टर होते, 2010 मध्ये आलेले जॉन वाटिलेते वकील आहेत आणि त्यांचा जन्म नेदरलँड्समध्येच झाला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठांवर निवेदने देणे, मालुकूतील कैद्यांची प्रकरणे लावून धरणे, न्यायालयात अर्ज करणे, आणि वर्षातून एकदा समाजाला एकत्र आणणे हे त्याचे मुख्य काम आहे. डच समाजात या लोकांचे स्थान सुधारण्याचे काम मात्र त्या सरकारामुळे कमी आणि थेट वाटाघाटींमुळे अधिक झाले. 1986 मध्ये डच सरकारने मालुकू समाजाच्या संघटनेशी करार केला, त्यातून जुन्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना वार्षिक मानधन आणि उट्रेख्तमध्ये संग्रहालय मिळाले. वाटिलेते यांनी पद हाती घेताना, पूर्ण स्वातंत्र्याआधी स्वायत्तता हाही एक टप्पा मानता येईल, अशी भूमिका मांडली. पहिल्या पिढीला हे बोलवले नसते.

तिकडे मालुकूत काळ वेगळ्याच दिशेने गेला होता. लोकसंख्या बदलली, आणि आजच्या मालुकू प्रांतात मुस्लिम निम्म्याहून थोडे अधिक आहेत. 1999 ते 2002 या काळात तिथे ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यात भीषण हिंसाचार झाला, हजारो मेले, आणि फेब्रुवारी 2002 च्या मालिनो करारानंतर तो शमला. त्या काळात स्वतंत्र मालुकूचा ध्वज म्हणजे ख्रिस्ती बाजूचे चिन्ह असा अर्थ अनेक मुस्लिमांनी घेतला. परदेशात जपलेली एकसंध मालुकूची आठवण आणि दंगलीत दुभंगलेले अंबोन शहर यांतले अंतर भरून काढणे विजनवासातल्या कोणत्याही मंत्रिमंडळाच्या आवाक्यात नव्हते.

आणि किंमत मोजावी लागते ती तिकडच्यांना. 29 जून 2007 रोजी अंबोनच्या मैदानावर अध्यक्ष युधोयोनो यांच्यासमोर काही नर्तक ‘चाकालेले’ हे पारंपरिक युद्धनृत्य करत शिरले. ते कार्यक्रमात नव्हते. नाचता नाचता त्यांनी लपवलेला निळा-पांढरा-हिरवा-लाल ध्वज उलगडण्याचा प्रयत्न केला आणि सुरक्षारक्षकांनी त्यांना ओढून नेले. त्यांचे नेतृत्व करणारे योहान तेतेरिसा हे शिक्षक होते. राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप झाली, नंतर ती 15 वर्षांवर आली. 2010 च्या हेगच्या अर्जामागे अशाच कैद्यांना मिळालेली वागणूक होती. तेतेरिसा 2018 च्या अखेरीस सुटले आणि 2019 मध्ये वारले.

तोच ध्वज नेदरलँड्समध्ये 25 एप्रिलला दरवर्षी मोकळ्या मैदानात चढतो. पोलीस असतात ते वाहतूक सांभाळायला. अंबोनमध्ये तो घरात सापडला तरी खटला होतो. 2020 च्या 25 एप्रिलला, प्रजासत्ताकाच्या घोषणेला बरोबर 70 वर्षे झाली त्या दिवशी, तीन माणसे हा ध्वज हातात धरून अंबोनमधील प्रांतिक पोलीस मुख्यालयाच्या आवारात स्वतःहून चालत गेली आणि तिथेच त्यांना अटक झाली.